अ‍ॅसिडिटीची रोजची गोळी आणि स्मृतिभ्रंशाची भीती

‘वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी घेतली की डिमेन्शिया होतो का?’ या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख हाच होता, म्हणून हे सदर पूर्णपणे याच विषयाला दिलं आहे. इथे ‘गोळी’ म्हणजे नावाच्या शेवटी ‘प्राझोल’ असलेली औषधं: ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल, लान्सोप्राझोल. डॉक्टर यांना पीपीआय म्हणतात. पाकिटावर कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं. त्याखालची बारीक ओळ वाचा, तिथे यांपैकी एक नाव सापडेल. आणखी एक गोष्ट. आपण बोलताना सगळ्यालाच ‘पित्त’ म्हणतो, पण पित्तरस यकृतात तयार होतो. घशाशी येऊन जाळतं ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं आणि या गोळ्या फक्त त्या आम्लावर काम करतात.

प्रश्न: माझ्या आईचं वय ७४. गेली ९ वर्षं ती रोज सकाळी पँटोप्राझोल ४० घेते. या गोळीने स्मृतिभ्रंश होतो असा संदेश कुणीतरी मोबाइलवर पाठवला आणि तिने त्याच दिवशी गोळी बंद केली. चौथ्या दिवसापासून छातीत इतकी आग होते की रात्र बसून काढावी लागते. ‘बघ, आता गोळीशिवाय जगताच येणार नाही,’ म्हणून ती रडते. काय करू?

उत्तर: आईंना उद्या सकाळपासून पूर्वीचीच गोळी पूर्वीच्याच मात्रेत सुरू करायला सांगा. शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा घास अडकत असेल, तर मात्र वाट न पाहता आजच दवाखाना गाठा.

आता त्यांच्या रडण्याबद्दल. चौथ्या दिवशी जे उसळलं त्यावरून ‘आजार तसाच आहे’ असा निष्कर्ष काढता येत नाही. जठराच्या अस्तरातल्या काही पेशींत आम्ल बाहेर टाकणारे अतिसूक्ष्म पंप असतात, ते ही गोळी बंद पाडते. आम्ल कमी पडतंय असं दिसलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि त्याच्या रेट्याने आम्लाला चालना देणाऱ्या पेशीही वाढतात. गोळी चालू असेपर्यंत हा सगळा रेटा दबलेला राहतो. ती एकदम थांबली की पंप पुन्हा सुरू होतात, पण वाढलेल्या पेशी लगेच कमी होत नाहीत. त्यामुळे काही आठवडे आम्ल मुळात होतं त्यापेक्षाही जास्त तयार होतं.

हे निरोगी माणसांतही होतं. डेन्मार्कमध्ये १२० निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्या लोकांना ८ आठवडे इसोमेप्राझोल ४० मिग्रॅ आणि पुढचे ४ आठवडे तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. उरलेल्यांना पूर्ण १२ आठवडे बिनऔषधाचीच. औषध थांबल्यानंतरच्या आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी, पोटात अस्वस्थपणा असा त्रास झाला. दुसऱ्या गटात हे प्रमाण १५ टक्के होतं. आजार नसलेल्यांचं जर असं होतं, तर ९ वर्षांनी एका दिवसात गोळी सोडलेल्या आईंचं काय होणार? हा त्यांचा कमकुवतपणा नाही आणि व्यसनही नाही, हे त्यांना जरूर सांगा.

त्रास शमला की जुन्या कागदांतून एकच गोष्ट शोधा: ९ वर्षांपूर्वी ही गोळी नेमकी कशासाठी सुरू झाली होती? एंडोस्कोपीचा अहवाल असेल तर तो, नसेल तर त्या वेळची चिठ्ठी. कधी असं निघतं की गुडघेदुखीच्या गोळ्यांबरोबर पोट सांभाळायला म्हणून ती दिली होती. दुखण्याच्या गोळ्या दोन महिन्यांत थांबल्या आणि ही मात्र चालूच राहिली. असं असेल तर ती कमी करता येईल. पद्धत पुढे दिली आहे.

प्रश्न: एक अभ्यास म्हणतो धोका ४४ टक्क्यांनी वाढतो, दुसरा म्हणतो ३३, तिसरा म्हणतो काहीच नाही. खरं कुणाचं मानायचं? माझं वय ६१ असून ६ वर्षं रॅबेप्राझोल चालू आहे.

उत्तर: आकडे तिघांचेही खरे आहेत. ते कुठून आले हे पाहिलं की गोंधळ कमी होतो.

४४ टक्क्यांचा आकडा जर्मनीतला, २०१६ सालचा. आरोग्य विम्याच्या नोंदींतून ७५ आणि त्याहून अधिक वयाच्या ७३,६७९ लोकांची माहिती घेतली. त्यातले २,९५० जण नियमित पीपीआय घेणारे होते आणि त्यांच्यात स्मृतिभ्रंशाचं निदान ४४ टक्क्यांनी अधिक आढळलं. पण संशोधकांनी यातल्या कुणाचीही स्वतः स्मरणचाचणी घेतली नव्हती. निदान विम्याच्या कागदावरच्या कोडवरून ठरवलं होतं.

३३ टक्क्यांचा आकडा अमेरिकेतला, २०२३ सालचा. सरासरी ७५ वयाच्या, सुरुवातीला स्मृतिभ्रंश नसलेल्या ५,७१२ लोकांचा मागोवा साधारण साडेपाच वर्षं घेतला गेला. एकूण मिळून ४.४ वर्षांपेक्षा जास्त काळ गोळी घेतलेल्यांत धोका ३३ टक्क्यांनी अधिक दिसला, त्याहून कमी काळ घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. आता ‘३३ टक्के’ उलगडून पाहा. गोळी न घेणाऱ्या १,००० लोकांत वर्षाला १९ जणांना स्मृतिभ्रंश झाला, दीर्घकाळ घेणाऱ्या १,००० लोकांत २४ जणांना. फरक हजारात ५ चा, आणि तोही सगळाच्या सगळा गोळीमुळे झाला असं धरलं तर. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा निकाल अगदी काठावरचा होता. बातमीत फक्त ३३ टक्के येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, तिघांतल्या एकाला हा आजार होणार. तसं मुळीच नाही.

डेन्मार्कमध्ये ६० ते ७५ वयोगटातल्या जवळपास २० लाख लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे कमी वयात निदान झालेल्यांत गोळीशी संबंध अधिक दिसला, वय वाढेल तसा तो पुसट होत गेला आणि नव्वदीनंतर दिसेनासा झाला. तुमचं वय ६१ आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो आहोत, लपवण्यासारखं यात काही नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल भागात ६५ वर्षांवरच्या ३,४८४ लोकांची दर दोन वर्षांनी प्रत्यक्ष स्मरणचाचणी घेतली गेली आणि औषधांचा हिशेब औषधालयाच्या नोंदींवरून ठेवला गेला. २०१८ साली आलेल्या त्या निष्कर्षांत भरपूर काळ गोळी घेणाऱ्यांतही धोका वाढलेला दिसला नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या ६५ वर्षांवरच्या १८,९३४ लोकांच्या २०२३ सालच्या विश्लेषणातही संबंध आढळला नाही. आम्हाला हे दोन अभ्यास वजनदार वाटतात, कारण त्यांत आजार कागदावरून उचललेला नाही, माणसाला समोर बसवून तपासलेला आहे.

वरचे सगळे अभ्यास निरीक्षणाचे आहेत. कुणी गोळी घ्यायची हे त्यांत संशोधकांनी ठरवलेलं नव्हतं. अडचण इथेच आहे. सत्तरीतला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. वजन जास्त, मधुमेह, रक्तदाब, हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, गुडघ्यासाठी वेदनाशामक. त्याला पीपीआय मिळणार हे जवळपास ठरलेलं. पण यातले मधुमेह, रक्तदाब आणि लठ्ठपणा स्वतःच स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवतात. मग दोष गोळीचा की तिच्यासोबत आलेल्या आजारांचा? गणिताने हे वेगळं काढायचा प्रयत्न होतो, पण पूर्ण निवाडा होत नाही. शिवाय उलटा प्रवासही शक्य आहे. स्मृतिभ्रंशाची प्रक्रिया निदानाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेली असते. त्या काळात झोप बिघडते, मन उदास राहतं, पोटाच्या तक्रारी घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो आणि गोळी सुरू होते. पुढे निदान झालं की गोळी आधी आणि आजार नंतर असं दिसतं.

हा तिढा सोडवायला चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला प्रयोग लागतो. असा एक मोठा प्रयोग झाला आहे. हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या १७,५९८ लोकांना पँटोप्राझोल ४० मिग्रॅ किंवा बिनऔषधाची गोळी सुमारे ३ वर्षं दिली गेली, निष्कर्ष २०१९ साली आले. स्मृतिभ्रंश औषधाच्या गटात ५५ जणांना, दुसऱ्या गटात ४६ जणांना. एवढ्या मोठ्या संख्येत हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. ठळक फरक पडला तो आतड्याच्या जंतुसंसर्गात: १.४ टक्के विरुद्ध १.० टक्का. या प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. सावकाश वाढणाऱ्या आजाराचा न्याय करायला ३ वर्षं थोडी आहेत.

पेशींवर आणि उंदरांवर केलेल्या काही प्रयोगांत या औषधांनी अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अ‍ॅमिलॉइड प्रथिनावर परिणाम केल्याचं दिसलं, स्मरणाला लागणारं अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवल्याचंही दिसलं. शंका घ्यायला एवढं पुरतं, पण दोष सिद्ध करायला पुरत नाही.

आमचं मत असं: धोका असलाच तर लहान आहे, तो शून्य आहे असंही ठामपणे म्हणता येत नाही. म्हणून मेंदूच्या भीतीने गोळी सोडू नका आणि सवय झाली म्हणून चालूही ठेवू नका. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली हेच सांगितलं: गोळी थांबवायची ती तिची गरज उरली नाही म्हणून, दुष्परिणामांच्या धास्तीने नव्हे. तुमच्या ६ वर्षांमागे आज काय कारण आहे, हा प्रश्न पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा.

मेंदूची काळजी असेल तर ती जिथे खात्रीने उपयोगी पडते तिथे घ्या. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली बदलता येण्याजोगी १४ कारणं मोजली, ती सगळी दूर झाली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील असा त्यांचा अंदाज आहे. त्यात कमी ऐकू येणं, उपचार न केलेला दृष्टिदोष, वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा आहे. अ‍ॅसिडिटीची गोळी त्या यादीत नाही.

प्रश्न: वडील ६८ वर्षांचे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १० वर्षं आणि ओमेप्राझोल ५ वर्षं. हल्ली तळपायाला मुंग्या येतात, अंधारात चालताना तोल जातो आणि नुकतंच बोललेलं विसरतात. हा गोळीचाच परिणाम का?

उत्तर: त्यांचं बी-१२ या आठवड्यात तपासा. हे टाळू नका, कारण तपासून भरून काढता येईल असं विसरण्याचं कारण या पत्रात समोर दिसतं आहे.

अन्नातलं बी-१२ प्रथिनाला चिकटलेलं असतं, ते सुटं करायला जठरातलं आम्ल आणि पेप्सिन लागतं. आम्ल दबलेलं असेल तर ते नीट सुटत नाही. त्यात मेटफॉर्मिनही बी-१२चं शोषण कमी करतं. म्हणजे वडिलांच्या बाबतीत दोन्हीकडून गळती आहे. यकृतात काही वर्षांचा साठा असतो, म्हणून पहिल्या वर्षी काही कळत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात २ किंवा अधिक वर्षं पीपीआय घेणाऱ्यांत बी-१२ची कमतरता असण्याची शक्यता ६५ टक्क्यांनी अधिक आढळली. तो अभ्यास २०१३ सालचा.

अहवाल २०० पिकोग्रॅम प्रति मिलीलिटरच्या खाली आला तर कमतरता आहे. २०० ते ३०० च्या मध्ये आला तर ‘नॉर्मल’ म्हणून फाइल बंद करू नका, मिथाइलमॅलोनिक आम्लाची (बी-१२ कमी पडलं की हे रक्तात वाढतं) चाचणी करता येते का ते विचारा. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ही चांगलं असेल, ही समजूत चुकीची आहे. रक्त ठीक असताना नसा बिघडलेल्या असू शकतात. आणि नुसती फॉलिक आम्लाची गोळी स्वतःहून सुरू करू नका. तिने रक्ताचं चित्र सुधारतं, पण नसांची हानी मागे चालूच राहते.

मुंग्या आणि तोल जाणं ही नसांची लक्षणं असल्याने डॉक्टर बहुधा इंजेक्शनने सुरुवात करतील. पुढे रोज १,००० मायक्रोग्रॅमची गोळीही चालते. गोळीतलं बी-१२ सुटंच असतं, त्याला आम्लाची गरज पडत नाही. त्यासाठी ओमेप्राझोल बंद करावीच लागेल असं नाही. त्याच रक्तात थायरॉइड, सोडियम आणि मॅग्नेशियमही पाहून घ्या. वयस्कर माणसाचं सोडियम उतरलं की गोंधळ उडतो, आणि क्वचित या गोळ्यांमुळेही ते उतरतं. मॅग्नेशियमबद्दलचा अधिकृत इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ सालीच दिला होता. बहुतेक रुग्णांत गोळी वर्षाहून जास्त चाललेली होती, आणि साधारण चौथ्या हिश्श्यात मॅग्नेशियम देऊनही पातळी वर येईना, गोळीच थांबवावी लागली. लघवी वाढवणारी गोळी किंवा हृदयाचं औषध डिगॉक्सिन चालू असेल तर ही तपासणी अधिक महत्त्वाची.

प्रश्न: एंडोस्कोपी साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू कमी करा. पण ‘हळूहळू’ म्हणजे किती? सध्या इसोमेप्राझोल ४० सकाळ-संध्याकाळ घेते.

उत्तर: आधी संध्याकाळची गोळी काढा. सकाळची ४० तशीच ठेवून २ ते ४ आठवडे जाऊ द्या. मग सकाळची २० करा, पुन्हा २ ते ४ आठवडे. नंतर २ आठवडे एक दिवसाआड २०, आणि मग थांबा. काही तज्ज्ञ एकदम थांबवायलाही हरकत घेत नाहीत, दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण उसळी सहन करणं कठीण असतं, आणि बरेचजण तिथेच हार मानतात. म्हणून दिवसाला दोन गोळ्या घेणाऱ्यांना आम्ही पायऱ्यांनीच उतरायला सांगतो.

उतरताना हाताशी काहीतरी हवं. अल्जिनेट असलेलं पातळ औषध जेवणानंतर आणि झोपताना १० ते २० मिली घ्या. ते जठरातल्या अन्नावर तरंगणारा जेलीसारखा थर बनवतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. त्यावर पाणी पिऊ नका, थर मोडतो. त्यात सोडियम बरंच असतं, त्यामुळे रक्तदाब किंवा हृदयाची कमजोरी असेल तर आधी विचारा. साधं अँटासिडही चालेल. अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर पोट घट्ट होतं, मॅग्नेशियमचं असेल तर सैल होतं. ते इतर औषधांपासून २ तास आणि थायरॉइडच्या गोळीपासून ४ तास दूर ठेवा.

कुठे बिघडतं तेही सांगतो. गोळी मोडून अर्धी घेणं ही नेहमीची चूक. तिच्यावर आम्लापासून वाचवणारं आवरण असतं, ते फुटलं की औषध जठरातच वाया जातं. २० ची वेगळी गोळी आणा. दुसरी चूक म्हणजे वेदनाशामक चालू ठेवून ही गोळी काढणं. तिसरी, आणि सर्वांत जास्त होणारी: दहाव्या दिवशी जळजळ झाली की ‘मला जमत नाही’ म्हणून थेट ४० वर परत जाणं. उसळी साधारण २ ते ८ आठवड्यांत ओसरते. तेवढ्यात निकाल लावू नका. एक पायरी मागे जा, तिथे आणखी २ आठवडे थांबा आणि पुन्हा उतरा. आठ आठवड्यांनंतरही रोज त्रास होत असेल तर गोळीची गरज खरी आहे. मग जी कमीत कमी मात्रा पुरते, ती निर्धास्त घ्या.

प्रश्न: माझ्या यजमानांना स्टेंट घातला आहे. अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसोबत पँटोप्राझोल दिली आहे. जळजळ कधीच नव्हती. ती तरी बंद करावी का?

उत्तर: नाही. ती जळजळीसाठी दिलेलीच नाही. रक्त पातळ ठेवणारी दोन औषधं एकत्र असताना जठरातून रक्तस्राव होऊ नये म्हणून तिचा पहारा आहे. स्मृतिभ्रंशाच्या अनिश्चित धोक्यापायी हा पहारा उठवणं चुकीचं ठरेल. हृदयाचे डॉक्टर क्लोपिडोग्रेल थांबवतील तेव्हा हिचंही विचारा. फक्त पँटोप्राझोलच्या जागी ओमेप्राझोल किंवा इसोमेप्राझोल कुणी देऊ केली तर घेऊ नका. क्लोपिडोग्रेलला कामाला लावणाऱ्या यकृतातल्या विकराला त्या दोन्ही अडवतात, याचा इशारा २००९ पासून आहे.

बॅरेट्सचा बदल (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा), तीव्र जखमा, अन्ननलिका आक्रसणं, पूर्वी अल्सरमधून झालेला रक्तस्राव, हे ज्यांच्या अहवालात आहे त्यांनीही स्वतःहून गोळी सोडायची नाही.

प्रश्न: त्यापेक्षा फॅमोटिडीन मेंदूला सुरक्षित ना?

उत्तर: फॅमोटिडीन हे आम्ल कमी करणारं वेगळ्या जातीचं औषध, पण मेंदूसाठी म्हणून बदलण्यात अर्थ नाही. रोज घेतली तर एक-दोन आठवड्यांत तिचा जोर कमी होत जातो. वयस्कर आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या माणसांत तिने तात्पुरता भ्रम होऊ शकतो, अशांना मात्रा कमी लागते. कधीतरी रात्रीपुरती घ्यायला चांगली आहे.

प्रश्न: मी गोळी रात्री जेवल्यावर घेते. ४० नेही फरक पडत नाही म्हणून डॉक्टर ८० म्हणतात. वाढवू का?

उत्तर: वाढवण्याआधी दोन आठवडे वेळ बदलून पाहा. रक्तात ही गोळी एक-दोन तासच टिकते आणि ती फक्त चालू असलेले पंपच बंद करू शकते. पंप जोरात चालू होतात ते खायला लागल्यावर, तेही रात्रभरच्या उपवासानंतरच्या पहिल्या खाण्याला सर्वांत जास्त. म्हणून गोळी सकाळी, पहिल्या खाण्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. गोळी घेऊन दुपारपर्यंत उपाशी राहिलात तरी ती वाया जाते. पूर्ण परिणाम दिसायला ३ ते ५ दिवस लागतात, म्हणून पहिल्याच दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणू नका. ८० लिहून देण्याआधी ‘गोळी कधी घेता?’ हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारला जावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. कारण मात्रा वाढते ती अशीच, आणि पुढे वर्षानुवर्षं तशीच राहते.

प्रश्न: दोन उशा घेऊनही रात्री घशाशी येतं.

उत्तर: उशा काढा. दोन उशांनी मान आणि कंबर वाकते, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट जास्त वर ढकललं जातं. पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली १५ ते २० सेंटीमीटरचे घट्ट ठोकळे ठेवा, म्हणजे संपूर्ण अंग एका उतारावर येईल. ते जमत नसेल तर कंबरेपासून डोक्यापर्यंत पोचणारी उताराची गादी घ्या. डाव्या कुशीवर झोपा, त्या स्थितीत जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं. शेवटचा घास आणि आडवं होणं यांत ३ तास ठेवा.

प्रश्न: सासऱ्यांना वर्षभरात फार विसरायला होऊ लागलं आहे. पोटासाठी त्यांना सकाळी एक कॅप्सूल आणि झोपताना एक गोळी आहे. दोन्ही बंद केल्या तर स्मरण परत येईल का?

उत्तर: त्यांच्या पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून पत्रात लिहिली असती तर बरं झालं असतं, कारण इथे खरा संशयित ‘प्राझोल’ नसूही शकतो. पोटाच्या कॅप्सूलमध्ये पुष्कळदा दुसरं औषध मिसळलेलं असतं. त्यात लेव्होसल्पिराइड असेल तर वयस्कर माणसात हालचाली मंदावतात, हात कापतो, चेहरा भावहीन होतो, आणि घरच्यांना वाटतं हे वयाने होतंय. डॉमपेरिडोन असेल तर ते हृदयाच्या ठोक्यांच्या लयीसाठी जोखमीचं, महिनोन्महिने घ्यायचं नाही. झोपतानाच्या गोळीत क्लोरडायझेपॉक्साइड आणि क्लिडिनियम ही जोडी असू शकते. पहिलं गुंगी आणणारं, दुसरं अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारं. डायसायक्लोमिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन हीसुद्धा या दुसऱ्या औषधाच्याच जातीची. विसरणं, गोंधळणं, लघवी अडकणं यांच्याशी या औषधांचं नातं पीपीआयपेक्षा कितीतरी स्पष्ट आहे.

गुंगीची गोळी मात्र एका रात्रीत तोडू नका, डॉक्टरांच्या देखरेखीत आठवड्या-आठवड्याने उतरवा, नाहीतर झटके येऊ शकतात. सगळी पाकिटं, सर्दी-खोकल्याची आणि झोपेचीसुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांसमोर ठेवा. सोबत बी-१२, थायरॉइड, सोडियम आणि ऐकण्याची तपासणी. ऐकू न आलेलं आठवणार तरी कसं?

प्रश्न: आजीला स्मृतिभ्रंश आहेच. आता ती गोळी चावते किंवा थुंकते. कुटून पाण्यात दिली तर चालेल?

उत्तर: कुटू नका. आवरण मोडलं की गोळी निकामी होते. आतमध्ये बारीक दाणे असलेली कॅप्सूल मिळते का ते पाहा. ती उघडून दाणे चमचाभर सफरचंदाच्या थंड, मऊ गरावर पसरा आणि लगेच भरवा. नंतर दोन घोट पाणी द्या, म्हणजे दाणे दातांत अडकून चावले जाणार नाहीत. गरम पदार्थात मिसळू नका आणि कालवून ठेवूनही देऊ नका. तेवढंही जमत नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या गोळीबद्दल विचारा.

गोळीची गरज उरली आहे का, हे आजींच्या बाबतीतही डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पण ती कमी केलीत तर पुढचे २ महिने त्यांच्याकडे बारकाईने लक्ष द्या. त्यांना ‘जळतंय’ असं सांगता येणार नाही. घास तोंडाजवळ आला की मान फिरवणं, गिळताना कपाळाला आठी पडणं, आडवं केलं की पुन्हा पुन्हा उठून बसणं, हात सारखा छातीवर जाणं, रात्रीचा कोरडा खोकला, यांतलं काही नवीन दिसलं तर मागच्या मात्रेवर परत या आणि डॉक्टरांना कळवा.